खुलासा

विट्याच्या कॉलेजात जिन्याखालची खिडकी माझी.
जूनपासून ऑगस्टपर्यंत एकच पाठांतर:
एम. ए.ला मराठी, हिंदी, इतिहास, अर्थशास्त्र.
इंग्रजीच्या जागा भरल्या.
भूगोलाला मास्तर मिळेना,
त्यामुळं भूगोल यादीत आहे, वर्गात नाही.
एम. एस्सी.ला केमिस्ट्री, फक्त केमिस्ट्री,
त्याला पदवीलाही केमिस्ट्रीच पाहिजे.
हे शेवटचं वाक्य दिवसातून चाळीसदा म्हणतो,
त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी टोकन बावन्न.
वैजयंता दत्तात्रय हारुगडे.
पदवी दोन हजार चार, इतिहास, दुसरा वर्ग.
त्यानंतर कुंभकोणम.
गलाई का? मी विचारलं.
दुसरं काय, ती म्हणाली.
आमच्या तालुक्यात हे विचारायचंच नसतं खरं तर.
घरटी एक माणूस
कुठल्या ना कुठल्या लांबच्या सराफकट्ट्यावर
भट्टीपुढं बसलेला असतो.

तिनं केमिस्ट्रीवर बोट ठेवलं.
मी माझं वाक्य म्हटलं.
ती म्हणाली,
तेजाबात सोनं तेवढं मागं राहतंय,
चांदी जाती विरघळून, डोळ्याला दिसत न्हाई.
मग तांब्याची पट्टी सोडायची,
सकाळपातूर राखेगत तळाला बसती.
मालकांस्नी दमा लागला,
तवापासनं सात वर्सं मीच बसवत हुते.

आवरा की, मागून कुणीतरी ओरडलं.
इतिहास घ्या, मी म्हणालो.

गॅप सर्टिफिकेट लागतं, स्टॅम्पपेपरवर.
मजकूर कोर्टासमोरच्या टायपिस्टकडं तयारच असतो,
नाव आणि साल तेवढं बदलायचं:
सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही.

दुपारी ती परत आली. कागद होता, सही नव्हती.
ह्ये खोटं हाय, म्हणाली.

सव्वीस वर्षं हा कागद माझ्या हातून जातोय.
फौजेतून सुटून आलेले,
तीन लेकरं शाळेत घालून आलेल्या,
पोलीस भरतीत गुडघा गमावलेला एक पोरगा,
सगळ्यांनी मुकाट सही केली.
कुणी वाचलंच नव्हतं. मी तरी कुठं.

तमिळ शिकले मी, ती म्हणाली,
आधी बसच्या पाट्या,
मग दवाखान्याच्या चिठ्ठ्या,
मग शेजारणीच्या पोरीचं पाचवीचं पुस्तक, अख्खं.
शपथेवर कसं लिवून देऊ?

बाई, कागदापुरतं आहे हो.

तिनं खिडकीतनं माझंच पेन मागून घेतलं,
'कोठेही' खोडलं,
वर बारीक अक्षरात 'कॉलेजात' लिहिलं,
बाजूला छोटी सही.
खाडाखोड चालत नाही
हे मला माझ्या नावाइतकं पाठ आहे.
तेवढ्यात चहा आला.
मी शिक्का मारला.

आता ती दुसऱ्या बाकावर बसते म्हणे.
मोडीच्या तासाला तिचं सगळ्यांच्या आधी वाचून होतं,
असं शिपाई सांगतो, त्यात थोडं त्याचंही असेल.
मी बघायला गेलो नाही.
तो तास तीनला असतो,
खिडकी चारला बंद होते.

काल विद्यापीठाचं पत्र आलं, पात्रता विभागाचं.
प्रतिज्ञापत्रात खाडाखोड आढळून आली,
सात दिवसांत लेखी खुलासा करावा.
सगळे गेल्यावर मसुदा काढायला बसलो.
प्रति, मा. उपकुलसचिव.
संदर्भ, आपलं पत्र, क्रमांक, तारीख.
महोदय.
उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की.

इथवर हात सरावानं चालला.
वर 'विषय' लिहून दोन टिंबं दिलीत,
त्यापुढची जागा अजून कोरी आहे.